पाचवा उद्गार माझ्या वाट्याला

उत्तम शुक्रवारच्या उपासनेत पाचवा उद्गार मिळणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मीठ वाढायला मिळणं. काम तर असतं, पण वाढणाऱ्याचं तोंड कोणी बघत नाही.

ज्यांना आमच्यातलं हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या श्रीरामपुरातल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दुपारी बारा ते तीन उपासना चालते. ख्रिस्त वधस्तंभावर असताना सात वेळा बोलला, म्हणून मंडळीतले सात जण एकेका उद्गारावर बोलतात. मधे गीतं, मधे प्रार्थना. पहिला उद्गार क्षमेचा, तो पाळकसाहेब स्वतः घेतात. दुसऱ्यात शेजारच्या चोराला सुखलोक मिळतो, त्यात गोष्ट आहे, लोक जागे राहतात. तिसऱ्यात आई आहे. चौथ्यात देवालाच जाब विचारलाय, तो कॉलेजातल्या प्राध्यापकांसाठी राखीव. सहावा-सातवा येईपर्यंत तीन वाजत आलेले असतात, त्यामुळे काहीही बोललं तरी लोकांना गोड लागतं. राहिला पाचवा. पाचव्यात तो एवढंच म्हणतो की तहान लागली. संपलं. यावर पंधरा मिनिटं बोलायचं, एप्रिलच्या उन्हात, आणि तेही सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या लोकांसमोर. कारण आमच्याकडची जुनी माणसं त्या दिवशी तीन वाजेपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि जी घेतात ती घेतलं म्हणून सांगत नाहीत.

तिसरा उद्गार बरीच वर्षं माझा होता. मी 'आई' म्हटलं की बायकांच्या बाजूला पहिला रुमाल निघायचा, आणि पुढे किती निघतात ते मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहायचो. गेल्या वर्षी रुमाल जरा कमी दिसले. म्हणून मी आईचं आजारपण झाल्यावर मावशीचं घेतलं, मावशीचं झाल्यावर तिच्या म्हशीचं घेतलं, आणि उपासना तीनऐवजी पावणेचारला सुटली. पेटी वाजवणारे गृहस्थ पेटीवर डोकं ठेवून झोपले होते, त्यांना हलवून शेवटचं गीत घ्यावं लागलं.

यंदा पाळकसाहेबांचा फोन आला. आमच्यात नमस्काराच्या जागी सलाम असतो.

"सलाम साहेब. यंदा पाचवा तुमच्याकडे."

"पाचवा?"

"आखूड आहे, पण खोल आहे."

"विहिरीबद्दल बोलताय का साहेब?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "घरी बाईंचं असं सगळं चाललंय. तहानेवर तुम्हाला आतून काही सुचेल, असं मंडळीच्या पंचांचं मत पडलं."

मी घाईनं हो म्हणून फोन ठेवला. कारण घरात बाईंचं जे चाललं होतं ते पंचांना वाटत होतं त्याच्या पुढे गेलेलं होतं.

माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. मंगळवारी आणि शनिवारी तिला डायलिसिसला न्यायचं. आमच्या घरात त्याला नुसतं 'मशीन' म्हणतात. मशीन तिला जमलं. सुया जमल्या. बिनमिठाची भाजीसुद्धा जमली, म्हणजे तिला जमली, मी अजून लपून लोणचं खातो. जमलं नाही ते पाणी. प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही, त्यामुळे ते अंगातच साठतं. आधी पावलं सुजतात, मग ते छातीत चढतं. एकदा तसं झालं होतं. दुपारी जेवून ती आडवी झाली आणि ताडकन उठून बसली, खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून, तोंड उघडं. डॉक्टरांनी सुई-नळी सगळं करून तिला परत आणलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, काका, पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही.

तेव्हापासून मी पाण्याचा वॉचमन झालो. आयुष्य कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेलेलं. कोण कधी आत आलं आणि कधी बाहेर गेलं यावर माझं पोट चालत होतं. ती सगळी विद्या मी बायकोच्या घशावर वापरली. सकाळी एक लहान बाटली भरून द्यायची, दिवसभराचं पाणी तेवढंच. माठ उचलून शेजारी नेऊन ठेवला. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे देऊन टाकला. आणि मग रोज, दिवसभर, हे:

"अहो, तहान लागलीय."

"बाटलीत बघ."

"संपली बाटली."

"संपली तर संपली. सकाळी घटाघटा प्यायला मी सांगितलं होतं का?"

"घसा चिकटलाय."

"चूळ भर आणि थुंकून टाक."

ती चूळ भरायला जायची आणि मी बाथरूमच्या दाराला कान लावून उभा राहायचो, थुंकल्याचा आवाज येतो का बघायला. एवढ्या वर्षांच्या संसाराची ही फलश्रुती. बरं, बालवाडीत नोकरी केलेली बाई, शंभर तऱ्हेचे आवाज काढता येतात तिला. ती थुंकल्याचा आवाज काढायची आणि पाणी गिळायची. मशिनीवर घेण्याआधी वजन करतात, तिथं सगळं उघडं पडायचं. तिथली टेक्निशियन पोरगी काट्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे, जणू ते पाणी मीच प्यायलोय.

त्यात आमची मंडळी. आमच्या मंडळीची प्रीती मोठी आहे आणि ती शहाळ्यांच्या रूपानं येते. किडनीच्या माणसाला शहाळं म्हणजे विष, हे मी दारातच सांगायचो. लोक म्हणायचे, हो का, बरं, आणि शहाळी ठेवून जायचे. टाकवत नाहीत म्हणून ती मी अंगणात बसून प्यायचो. आतून ती स्ट्रॉचा शेवटचा खुर्रर्र आवाज ऐकायची.

शहाळ्यांबरोबर लोक अर्थही आणायचे. दुखण्याचा अर्थ. आजारी माणसाजवळ नुसतं बसता येत नाही आम्हाला, हात रिकामे वाटतात. एक पंच आले, खुर्ची ओढून म्हणाले, "बाई, सोनारानं भट्टीत घातलंय तुम्हाला. शुद्ध होऊन निघाल."

ती म्हणाली, "कोळसा व्हायच्या आत काढा म्हणावं त्याला."

महिला मंडळातल्या एक आजीबाई आल्या, त्यांनी आवाज खाली आणला. "बाय, कुठलं तरी पाप कबूल करायचं ऱ्हायलं असंल. आठवून बघ."

"माझं झालंय आजी करून. ह्यांचं निम्मंसुद्धा झालेलं नाही, म्हणून वेळ लागतोय."

आणखी एकांनी सांगितलं की तिच्या दुःखातून कुणाचं तरी तारण व्हायचं असेल. ती म्हणाली, "कुणाचं ते सांगा, मी फोन करते त्याला. म्हणते, आटप लवकर."

मी मधे पडून सगळ्यांना चहा द्यायचो, आणि ते गेल्यावर तिच्यावर चिडायचो. पण खरा कळस मीच गाठला. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला रविवार होता. मोबाईलवर एक उपदेश ऐकून माझं अंतःकरण भरून आलेलं. ती पलंगावर बसून लिंबाची फोड चोखत होती, तेवढ्यानं घशाला जरा बरं वाटतं. मी जवळ बसलो आणि म्हणालो, "तुला सांगतो, दुःख वाया जात नाही. तुझ्या तहानेला अर्थ आहे."

तिनं फोड तोंडातून काढली. "काय अर्थ आहे?"

"तो पुढे कळेल."

"तुम्हाला कळलाय का?"

"मला... साधारण."

"साधारण." तिनं फोड बशीत ठेवली, बोटं पुसली. "ऐका. ईस्टरपर्यंत मी मशिनीवर जाते. पोरगी येणारे पुण्याहून, तिच्यासमोर तमाशा नको. त्याच्यानंतर बंद. मंगळवारी रिक्षा आणू नका."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे पोटभर पाणी प्यायचं आणि जायचं. अर्थ वर जाऊन विचारते. तिथं साधारण नसेल सांगत कोणी."

दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटरच टाक म्हणावं तशा आवाजात ती हे बोलली. त्याचीच मला भीती. तिच्या तोंडून धमकी निघत नाही, ठरलेलं निघतं. बालवाडी सोडते म्हणाली त्याच दिवशी दुपारी घंटा टेबलावर ठेवून घरी आली होती. मी समजूत घातली, मुलीच्या शपथा घातल्या, शेवटी ओरडलो. तिनं उशी सरळ केली आणि कुशीवर झाली. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांचा तो फोन.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं, डॉक्टरांशी बोलला असता, मुलीला सांगितलं असतं. मी नवस करावा तशी घोषणा केली. उत्तम शुक्रवारपर्यंत मीसुद्धा तिच्याइतकंच पाणी पिणार.

"कशाला?" ती म्हणाली.

"तुझ्या दुःखात सहभागी होतोय."

"तुम्ही सहभागी झालात की ते वाढतं."

मी तरी ऐकलं नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूनसुद्धा दिलं. जोडलेल्या हातांची चित्रं येऊन पडली. पहिला दिवस अभिमानावर निघाला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिची औषधं आणायला स्टेशनकडे गेलो आणि वाटेत रसवंती लागली. चाकाला घुंगरं बांधलेली. मी स्वतःशी वाद घातला की आपण पाणी सोडलंय, उसाचा रस सोडलेला नाही, आणि शिवाय सगळा जन्म साखर कारखान्यात काढलेल्या माणसानं उसाशी बेइमानी करणं बरं नव्हे. वाद मी जिंकला. दोन ग्लास.

घरी आलो तर ती दाराशीच खुर्ची टाकून बसलेली.

"मिशीला काय लागलंय?"

"घाम आलाय."

"हिरवा?"

मी मिशी पुसली. मला वाटलं आता ऐकवणार. ती म्हणाली, "लिंबू मारून घेतला का नुसता?"

"लिंबू मारून."

"आलं?"

"आलं पण होतं."

"बर्फ?"

"बर्फ चुरून. वरपर्यंत."

तिनं डोळे मिटून घेतले. "फेस?" मी फेसाचं सांगितलं. ग्लास हाताला कसा गार लागला ते सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर ती डोळे न उघडता म्हणाली, "ईस्टरनंतर मी पण पिणारे." आणि मला वाटलं, त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इकडे भाषणाची तयारी चालू होती. पाचव्या उद्गाराचं सोपं आहे, सगळे वक्ते एकच करतात. ती तहान शरीराची नव्हतीच, असं म्हणून सुरुवात करायची. मग ती आत्म्यांच्या तारणाची तहान होती म्हणायचं आणि उरलेला वेळ आत्म्यांवर काढायचा. मी तेच तीन मुद्द्यांत बसवलं आणि गच्चीवर जाऊन हातवारे करत म्हणून बघितलं. पण माझा खरा श्रोता एकच होता. मनात असं की मी इतकं चांगलं बोलेन, इतकं चांगलं बोलेन, की तिला आपल्या तहानेचा अर्थ कळेल आणि मंगळवारी ती स्वतः पायात चपला घालेल. माझ्या बोलण्यावर माझा केवढा विश्वास होता बघा. म्हशीचं प्रकरण होऊन वर्ष झालं नव्हतं.

ती बऱ्याच दिवसांत देवळात आली नव्हती. त्या शुक्रवारी सकाळी पांढरी साडी नेसून बाहेर आली.

"येतेस?"

"तुमचा पाचवा ऐकते एकदा."

"मधेच उठून जाऊ नकोस."

"मधेच थांबलात तर नाही उठणार."

मी त्या दिवशी खरोखरच पाण्याला शिवलो नव्हतो. देवाच्या भीतीनं नाही, तिच्या. देवळात माणूस माणसाला चिकटून बसलेलं. वीज गेलेली, पंखे इन्व्हर्टरवर, फिरताहेत एवढंच समाधान. तिला बायकांच्या बाजूला खिडकीशी खुर्ची दिली होती, पावलं सुजलेली म्हणून. प्राध्यापकांनी चौथा उद्गार मूळ भाषेतून समजावून सांगितला, मग आपल्या भाषेतून, मग आम्हाला काहीच कळलं नसेल असं धरून पुन्हा पहिल्यापासून. त्यांचं संपलं तेव्हा माझी जीभ चपलेच्या तळव्यासारखी झाली होती.

उपदेशपीठावर जिथं पवित्र शास्त्र ठेवतात त्याच्या बाजूला पाण्याचा ग्लास होता. पाळकसाहेबांना शुगर आहे, म्हणून पाळकीणबाई तो ठेवतात, वर मणी लावलेला जाळीचा रुमाल. त्याला दुसरं कोणी हात लावत नाही, आणि त्या दिवशी तर पाळकसाहेबसुद्धा लावत नाहीत.

मी सुरुवात केली. "प्रियजनहो, ही तहान पाण्याची नव्हती."

तिकडे खिडकीत ती माझ्याकडे बघत होती.

"ती तहान," मी आवाज चढवला, "होती आत्म्यांच्या..." इथं जीभ टाळूला चिकटली. सोडवली, आणि शब्द बाहेर आला तो असा: "आत्म्यांच्या ताकाची."

तारणाची म्हणायचं होतं. पुढच्या बाकांवर संडे स्कूलची पोरं होती, त्यांच्यात खुसखुस सुरू झाली. मी पुन्हा म्हणायला गेलो आणि घशातून नुसतीच हवा आली. आणि मग माझ्या हातानं, मला न विचारता, जाळीचा रुमाल बाजूला केला आणि ग्लास उचलला. मी तो सगळा प्यायलो. माइक तोंडाशीच होता. माइक नवा होता, आम्हीच वर्गणी काढून चांगल्यातला आणला होता. एकेक घोट देवळाच्या शेवटच्या बाकापर्यंत गेला, आणि शेवटी 'हाऽ' असा जो आवाज माणसाच्या छातीतून आपोआप येतो तोही गेला.

सकाळपासून तहानलेली सगळी मंडळी माझ्याकडे बघतेय, माझ्या हातात रिकामा ग्लास, आणि मी नुकतंच सांगितलेलं की ही तहान पाण्याची नव्हती.

मी खिडकीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ग्लासकडे बघत होती. नुसती बघत होती, जशी लहान मुलं मिठाईच्या दुकानासमोर बघतात तशी, राग नाही, काही नाही. कागदावर माझे तीन मुद्दे होते. त्यातला एकही मला तिच्या तोंडावर म्हणता येईना.

"पाण्याचीच असावी," मी म्हणालो. माइकमधून ते फार मोठ्यानं ऐकू आलं. "मी आधी चुकीचं बोललो. पाण्याचीच तहान असावी ती. आमच्या घरी एक माणूस रोज असं म्हणतं. मी त्याला चूळ भरायला सांगतो."

आणि खाली येऊन बसलो. पंधरा मिनिटांच्या जागी दोनसुद्धा झाली नसतील. पाळकसाहेबांनी घाईनं एक लांबलचक गीत सांगितलं आणि त्याची सगळी कडवी घेतली, एरवी आम्ही तिसऱ्यावर थांबतो. मी मान वर केली नाही. जरा वेळानं हळूच बघितलं तर तिचे खांदे हलत होते, पदराचा बोळा तोंडात. मला वाटलं, रडवलं तिला आपण. पुढच्या कडव्याला कळलं की ती हसतेय. ती हसली त्याला किती महिने झाले होते ते मला आठवेना.

बाहेर निघताना भट्टीवाले पंच भेटले. "सलाम साहेब. आखूड झालं, पण प्रात्यक्षिक चांगलं होतं."

रिक्षात बसून तिनं पदर नीट केला. मग म्हणाली, "ताकाची," आणि पुन्हा हसायला लागली, खोकला येईपर्यंत.

"झालं तुझं?" मी म्हणालो. "सबंध मंडळीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही."

"आवडलं मला."

"काय आवडलं, ताक?"

"नाही, नंतरचं." रिक्षावाला ऐकत होता, तिला त्याचं काही नव्हतं. "लहानपणापासून हा उद्गार ऐकतेय मी. जो उठतो तो सांगतो, ती तहान नव्हतीच, दुसरंच काहीतरी होतं. अहो, रात्रभर झोप नाही, अंगातलं रक्त गेलेलं, डोक्यावर ऊन. तहान लागली होती त्याला. यात काय कळायला अवघड आहे?"

"काहीच नाही."

"आणि लागली तर म्हणाला. चारचौघांत, मोठ्यानं. देवाच्या लेकराला म्हणता येतं, आणि मी म्हटलं की तुम्ही बाटली दाखवता. ते पंच सोनार आणतात. आजीबाई पाप काढतात. एकाच्या तोंडून निघालं का कधी, की बाई, तहान लागली असेल तुला?"

"पण पाणी तर देता येत नाही ना गं."

"पाणी कोण मागतंय? मला कळत नाही का? श्वास माझा कोंडला होता, तुमचा नाही. तुम्ही नुसतं म्हणा, लागली असेल."

"एवढंच?"

"एवढंच. पुढचं मी बघते."

माझ्या तोंडात लगेच पुढचे मुद्दे तयार झाले. सहनशीलतेवर एक, आणि चांगला होता. गिळला. रिक्षा पुलावरून गेली, खाली कालव्याला पाणी आलेलं होतं, ती त्याच्याकडे मान वळवून बघत राहिली पुलाच्या शेवटापर्यंत.

मग म्हणाली, "मशिनीवर पडल्या पडल्या मी त्यालाच म्हणते, तहान लागलीय. तो काही बोलत नाही. पण त्याला माहीत आहे कशी असते ती. पाणी मागितलं तेव्हा त्यालासुद्धा आंबच दिली, आंबट दारू, पाणी नाही. तुमचा अर्थ मला काही कळत नाही, कळणारही नाही. पण ज्याला माहीत आहे त्याच्याशेजारी पडून राहता येतं. आज मला तेवढं कळलं. तुमच्यामुळे नाही. ग्लासामुळे."

मी मंगळवारचं विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. शनिवारी ती मशिनीवर गेली, पण शनिवार ठरलेलाच होता, त्याच्यावरून काही ओळखता येईना. रविवारी मुलगी आली, ईस्टरचं जेवण झालं, सोमवारी दुपारच्या गाडीनं मुलगी गेली. मी बायकोच्या मागे मागे फिरत होतो. ती साडी घडी घालतेय तर का घालतेय, कपाट उघडतेय तर कशाला उघडतेय. एकदा तिनं विचारलं, "काय हरवलंय का तुमचं?" मी म्हणालो, चष्मा. चष्मा डोळ्यांवर होता.

मंगळवार उजाडला. रिक्षा आणू नका असं तिनं सांगितलेलं होतं, म्हणून मी आणली नाही. बूट घालून ओट्यावर बसून राहिलो. जायची वेळ झाली. वेळ टळली. आतून काही आवाज नाही. मी तीन-चारदा आत डोकावायला उठलो आणि परत बसलो. देवाला म्हणालो, मला काहीही सुचत नाही, आणि हे मी पहिल्यांदाच खरं बोलतोय.

दार उघडलं. हातात पिशवी, खांद्यावर मशिनीवर पांघरायची चादर. तिनं रस्त्याकडे बघितलं, उजवीकडे, डावीकडे.

"रिक्षा कुठंय?"

"तू म्हणाली होतीस आणू नका."

"मी म्हणाले आणि तुम्ही ऐकलं?" ती पायरीवरच थांबली. "जन्मात एकदा माझं ऐकायचं ठरवलं, ते नेमकं हे ऐकलं?"

मी धावलो. कोपऱ्यावर एकही रिक्षा नाही, बाजाराचा दिवस. शेवटी गल्लीतल्या एकाचा टेम्पो मार्केट यार्डाकडे कांदे घेऊन निघाला होता, त्याला आडवा झालो. ती पुढे केबिनमध्ये बसली, मी मागे गोण्यांवर. वळणावर एक गोणी माझ्या मांडीवर आली. काचेतून मला तिच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती आणि ती ड्रायव्हरला काहीतरी सांगत होती, आणि ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघून हसत होता. ताकाचंच असणार.

दवाखान्यात टेक्निशियन पोरीनं घड्याळाकडे बघितलं, माझ्या शर्टाला चिकटलेल्या कांद्याच्या सालींकडे बघितलं आणि काही न विचारता वजन घेतलं. वजन बरं होतं. सुया लागल्या, मशीन फिरायला लागलं. मी स्टुलावर बसलो. पंधराएक मिनिटांनी ती म्हणाली, "तहान लागलीय."

ओठांवर बाटलीचं आलंच होतं. मी म्हणालो, "लागली असेल."

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं. पाच मिनिटांनी पुन्हा, "तहान लागलीय."

"लागली असेल."

पुन्हा. पुन्हा. शेजारच्या पलंगावरचे म्हातारबाबा माझ्याकडे बघायला लागले, यांना दुसरं काही बोलता येत नाही का अशा नजरेनं. परवानगी मिळाल्यापासून ही बाई दिवसभर हेच म्हणणार, हे मला दिसत होतं. माझे पाय आखडले होते, गोणीनं मांडी काळीनिळी झाली होती, सकाळचा चहासुद्धा झालेला नव्हता.

"अहो."

"काय?"

"तहान लागलीय."

"लागली असेल गं, लागली असेल."

तिनं एक डोळा उघडला. "पाठ केल्यासारखं नका म्हणू. नीट म्हणा."